तंबाखूमुक्ती, संप्रेरके आणि स्त्रीची संमती

(क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि उपस्थित बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना सप्रेम जय भीम.

हे दोन शब्द उच्चारताना मला कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. हे अभिवादन समाजात रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते बाबू हरदास विडी कामगारांचे पुढारी होते. तंबाखूच्या धुळीत बसून दिवसभर विड्या वळणाऱ्या माणसांची त्यांनी संघटना बांधली आणि १९३९ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. आपले अभिवादन आणि तंबाखू यांचा संबंध असा जुना आहे.

माझा स्वतःचा संबंधही तेवढाच जुना आहे. माझी आई विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी भिजवलेली तेंदूची पाने आणि हातात कातर, असे तिचे रूप माझ्या डोळ्यांपुढे आहे. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय ती उठत नसे, आणि सट्टेदाराने त्यातल्या शे-दोनशे 'छाट' म्हणून बाजूला काढल्या की त्या रात्री घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. माझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे तंबाखूतून आले. तेव्हा तंबाखूविषयी उंच आसनावरून उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करते. आई विडी ओढत नसे. सुपातलाच चिमूटभर जर्दा ती गालात धरी. "भूक लागत नाही अन् हात चालतो," एवढेच तिचे स्पष्टीकरण असे.

आजचा माझा विषय काहींना विचित्र वाटेल. स्त्रियांना धूम्रपान सोडता यावे म्हणून गर्भनिरोधक संप्रेरकांचा, म्हणजे आपण ज्यांना हार्मोन्स म्हणतो त्यांचा, उपयोग होईल का, असा प्रश्न अलीकडच्या काळात संशोधकांनी हाती घेतला आहे. त्याबरोबरच दुसरा प्रश्नही विचारला जात आहे: असा उपाय निघाला तरी स्त्रिया तो घेतील का? त्यांचे मत काय? मला या दुसऱ्या प्रश्नाचे अधिक अगत्य आहे. मात्र पहिला समजल्याशिवाय दुसरा समजत नाही, म्हणून थोडे शास्त्र सांगते.

निकोटिन शरीरात गेले की यकृतातील एक विकर त्याचे विघटन करते. येथून तासाभराच्या अंतरावर असलेल्या सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. नील बेनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या शरीरात निकोटिन लवकर विघटित होते, आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत तर त्याहूनही लवकर. गरोदरपणात हा वेग आणखी वाढतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, त्या स्त्रीला पुढच्या सिगारेटची तल्लफ लवकर येऊ शकते, आणि निकोटिनची पट्टी दंडाला लावली तरी तिची मात्रा तिला अपुरी पडण्याची शक्यता असते. स्त्रियांना सिगारेट सोडणे जड जाते, त्याअर्थी त्यांचा मनोनिग्रह कमी, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

याच्या जोडीला मासिक पाळीचे चक्र आहे. पाळीनंतरच्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन चढते असते. नंतरच्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉनचे प्राबल्य असते. मिनेसोटा विद्यापीठात डॉ. शॅरन ॲलन यांनी दोनशे स्त्रियांची पाहणी केली आणि २००८ साली ती प्रसिद्ध झाली. कोणतेही औषध न घेता पहिल्या पंधरवड्यात सिगारेट सोडणाऱ्यांपैकी ८६ टक्के स्त्रिया महिन्याच्या आत पुन्हा तिच्याकडे वळल्या. दुसऱ्या पंधरवड्यात सोडणाऱ्यांत हे प्रमाण ६६ टक्के होते. त्यावरून असा तर्क निघाला की प्रोजेस्टेरॉन तल्लफ शमवत असावे. मग ज्या गोळीने वा इंजेक्शनने हे चढउतार थांबतात, तिचाच आधार का घेऊ नये? एका औषधाने पाळणाही लांबेल आणि सिगारेटही सुटेल.

तर्क आकर्षक आहे. पुरावा मात्र अजून कच्चा आहे. त्याच वर्षी निकोटिनची पट्टी देऊन केलेल्या दुसऱ्या एका पाहणीत निष्कर्ष नेमका उलटा आला. बाळंतपणानंतर स्त्रिया पुन्हा सिगारेटकडे वळू नयेत म्हणून प्रोजेस्टेरॉन देण्याच्या चाचण्याही झाल्या, परंतु त्या लहान होत्या आणि त्यांतून ठाम निर्णय निघाला नाही. आजच्या घटकेला कोणत्याही गर्भनिरोधकाला धूम्रपान सोडवण्याचे औषध म्हणून मान्यता नाही. उद्या कुणी आपल्याला तसे सांगितले तर हे वाक्य आठवावे.

आता माझी चूक सांगते. ती सांगण्यासाठीच मुख्यतः मी आज येथे उभी आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या दवाखान्यात काम करीत होते, तेथे आपल्यातलीच एक भगिनी आली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि हे सांगण्यास तिची परवानगी घेतली आहे. वय सदतीस, दोन मुले, संगणक क्षेत्रात मोठ्या हुद्द्यावर. सोबत पती होते. तिला गर्भनिरोधक गोळी हवी होती. प्रश्नावलीत धूम्रपानाचा रकाना होता. मराठी बोलणारी, हातात विहाराच्या कार्यक्रमाची पत्रिका घेऊन आलेली, मला 'ताई' म्हणणारी स्त्री. तिला मी काय विचारणार? मी न विचारताच 'नाही' या चौकोनात खूण केली आणि दोन्ही संप्रेरके असलेली मिश्र गोळी लिहून दिली.

चार महिन्यांनी ती भारतात जाऊन आली. परतल्यावर आठवडाभरात तिची पोटरी सुजली. शिरेत रक्ताची गाठ झाली होती. सुदैवाने ती फुप्फुसापर्यंत पोहोचली नाही. पती औषध आणायला खाली गेले तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, एक सांगायचं राहिलं. रात्री भारतातल्या लोकांशी कामाचे फोन असतात ना, ते संपले की मी गाडीत बसून सिगारेट ओढते. दिवसाला सात-आठ होतात. सहा वर्षं झाली. घरात कुणाला माहीत नाही."

ती गाठ सिगारेटमुळेच झाली असे कोणताही प्रामाणिक वैद्य म्हणणार नाही. तेथे इस्ट्रोजेनचा आणि सोळा तासांच्या विमानप्रवासाचा वाटा मोठा असावा. पण मी विचारले असते तर ती गोळी लिहिलीच नसती, हेही तितकेच खरे आहे. धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने मिश्र गोळी घेतली तर हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि वयाबरोबर तो झपाट्याने वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष स्पष्ट आहे: पस्तिशीच्या पुढे दिवसाला पंधरा किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्या स्त्रीला मिश्र गोळी मुळीच देऊ नये, आणि पंधरापेक्षा कमी ओढणारीलाही दुसरा पर्याय असताना सहसा देऊ नये. केवळ प्रोजेस्टेरॉनसदृश संप्रेरक असलेल्या गोळ्या आणि दंडात बसवायची कांडी यांना मात्र धूम्रपानाच्या कारणाने अशी आडकाठी नाही. म्हणजे 'हार्मोन्सने सिगारेट सुटते' असे अर्धवट ऐकून एखादीने सिगारेट चालू असतानाच मैत्रिणीकडून मिश्र गोळ्यांचे पाकीट घेतले, तर उपायाऐवजी अपाय पदरी पडेल.

मला माझ्या अज्ञानाने फसवले नाही, हे सर्व मला ठाऊक होते. मला फसवले ते 'आपल्या बायका असे काही करीत नाहीत' या समजुतीने. ही समजूत मुळातच खोटी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील १७ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. त्यांतील बहुतेकींची तंबाखू धुराची नसते. पश्चिम महाराष्ट्रात ती मशेरी असते, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार वेळा दात घासावेसे वाटू लागतात. विदर्भात ती खर्ऱ्यात असते, पानात असते. निपाणीच्या वखारींतील तंबाखू कामगार स्त्रियांवर 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट काढला. त्या स्त्रिया कामाबरोबर श्वासावाटेही तंबाखू घेत होत्या. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता यांनी १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ साली दाखवून दिले की धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरते आणि प्रसूतीही सुमारे सहा दिवस आधी होते. पंचशीलातल्या पाचव्या शीलात मद्याचा उल्लेख आहे, तंबाखूचा नाही; कारण तंबाखू त्या काळी भारतात नव्हतीच, ती पुढे पोर्तुगीजांबरोबर आली. म्हणून की काय, आपल्या घरात दारूची बाटली दिसली तर गहजब होतो आणि आजीची तंबाखूची डबी मात्र आपणच सामानात बांधून विमानाने आणतो!

त्या घटनेनंतर मी प्रत्येकीला एकटीला बसवून विचारू लागले. मग संप्रेरकांच्या या नव्या संशोधनाविषयी वाचनात आले, तेव्हा संमेलनाच्या स्वयंपाकघरात, सहलीत, बाळंतिणीला भेटायला गेल्यावर मी भगिनींशी बोलू लागले. हे संशोधन नव्हे, गप्पा होत्या. तेव्हा त्यांचे टक्के मागू नयेत. पण ऐकलेले काही सांगण्यासारखे आहे.

एक जण म्हणाली, "एक सवय सोडायला दुसरं औषध कशाला लावून घेऊ?" दुसरीला वजन वाढण्याची भीती होती, सिगारेट सोडल्यावर वजन वाढते हे ती ऐकून होती, इंजेक्शननेही वाढते हे तिने पाहिले होते, मग दोन्ही एकदम कशाला, असा तिचा रोकडा हिशेब होता. तिसरी आधीपासूनच गोळी घेत होती. ती म्हणाली, "घेतेच आहे, तर दोन्ही कामं झाली तर बरंच की." जिचे लग्न व्हायचे होते तिची अडचण निराळी होती: सिगारेटपेक्षा गर्भनिरोधकाचे पाकीट आईच्या हाती लागण्याची तिला जास्त धास्ती. आणि एक मध्यमवयीन ताई, ज्यांनी इतका वेळ मटार सोलण्यापलीकडे काही केले नव्हते, त्या म्हणाल्या, "माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का? सही बाबांची होती. आता आमच्यावर कसला नवा प्रयोग?"

या शेवटच्या प्रश्नाला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. मला तसे करवत नाही. महाराष्ट्रात आजही जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचे संततिनियमन म्हणजे शस्त्रक्रियाच होय. 'माला-डी'च्या जाहिराती ऐकत आपण वाढलो, पण गोळी घेणाऱ्या थोड्याच. १९८६ साली हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने आणि इतर गटांनी 'नेट-एन' या संप्रेरक-इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती याच कारणाने की त्या स्त्रियांना आपल्यावर काय केले जात आहे हे सांगितलेच गेले नव्हते. या देशातही निराळे घडले नाही. 'डेपो-प्रोव्हेरा' या इंजेक्शनाला अमेरिकेत १९९२ साली मान्यता मिळाली, परंतु त्याआधी कितीतरी वर्षे अटलांटा येथील एका सार्वजनिक दवाखान्यात ते हजारो स्त्रियांना दिले जात होते, आणि त्यांतील बहुसंख्य गरीब व कृष्णवर्णीय होत्या. त्याच जातीचे इंजेक्शन २०१७ पासून भारताच्या सरकारी आरोग्यसेवेत 'अंतरा' या नावाने दिले जाते. इंजेक्शन वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही; अनेकींना ते सोयीचे आहे. पण ज्या स्त्रिया सुई पाहून आधी दोन प्रश्न विचारतात, त्यांना मी शंकेखोर म्हणणार नाही.

येथे एक इतिहास सांगणे आवश्यक आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटला झाला तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा आणि साधनांचा ठराव बाबासाहेबांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यासाठीचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. त्या भाषणात लोकसंख्या आणि दारिद्र्य यांचे मुद्दे आहेत. पण प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर त्यांनी एकाहून अधिक अपत्याला होकार दिला नसता, अशा अर्थाचे विधानही आहे. म्हणजे देह ज्याचा, निर्णय त्याचा, हा विचार तेथे होता. पुढे सरकारी कार्यक्रमांनी लोकसंख्या तेवढी उचलली आणि बाईला विसरले, असे मला नम्रपणे वाटते.

या पार्श्वभूमीवर माझ्या भगिनींचे 'नको' मी कसे ऐकते ते सांगते. नको म्हणणाऱ्या स्त्रीला मी संप्रेरकांचा आग्रह करीत नाही, कारण आग्रह करण्याइतका पुरावाच नाही. पण जी गर्भनिरोधक घेतेच आहे किंवा घेणार आहे, तिच्याशी तंबाखूचे बोलणे त्याच बैठकीत झाले पाहिजे. योगायोगाने कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ही सोय करून ठेवली आहे. २०१३ साली झालेल्या कायद्यानुसार येथील औषधविक्रेता प्रशिक्षण घेतलेला असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गर्भनिरोधक गोळ्याही देऊ शकतो आणि निकोटिनची पट्टी वा च्युइंगगमही देऊ शकतो. एकाच खिडकीवर दोन्ही. तिथे प्रश्नावली भरताना कृपा करून खरे लिहा. ती आपल्या सासूबाई वाचत नाहीत. २०२४ पासून केवळ प्रोजेस्टेरॉनसदृश संप्रेरक असलेली 'ओपिल' ही गोळी तर कुणालाही न विचारता दुकानात घेता येते.

इस्ट्रोजेनची गोळी चालू असेल आणि निकोटिनची पट्टी पुरत नाही असे वाटले, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. मात्रा बदलता येते, पट्टीच्या जोडीला च्युइंगगम देता येते, व्हॅरेनिक्लिनसारखी औषधेही आहेत. आणखी एक लहान गोष्ट, जी आपल्या चहा-कॉफीबाज मंडळींना कामाला येईल. सिगारेटच्या धुराने शरीरातील कॅफिनचा निचरा जलद होतो. सिगारेट सुटली की तो मंदावतो, आणि गर्भनिरोधक गोळी तो आणखी मंदावते. मग तेवढीच कॉफी दुप्पट चढते, हात थरथरतात, झोप उडते, आणि आपल्याला वाटते की सिगारेटवाचून हे होते आहे. त्या दिवसांत कॉफी निम्मी करावी.

मशेरी आणि जर्द्याचे काय? गोळीसंबंधीचे वर सांगितलेले नियम धूम्रपानापुरते आहेत. पण निकोटिन तेच आहे, सवय तीच आहे, आणि तोंडाचा कर्करोग आपल्या घरोघरी पाहिलेला आहे. येथील राज्याची दूरध्वनी सेवा इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, कोरियन आणि व्हिएतनामी भाषांत बोलते. मराठीत बोलत नाही. भारतात १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे. आपण येथून दर रविवारी आईला फोन करतो, गुडघ्यांची चौकशी करतो, साखरेची करतो. तंबाखूची करीत नाही, कारण ती आपल्याला दिसतच नाही.

त्या भगिनीचे पुढे काय झाले, हे अनेकांनी मला आधीच विचारले. गोळी बंद झाली. तिने तांबी बसवून घेतली. पतीला तिने स्वतःच सांगितले आणि त्यांनी आकांडतांडव केले नाही, याचे तिला जितके आश्चर्य वाटले तितकेच मलाही. सिगारेट मात्र लगेच सुटली नाही. पट्टी लावून दोन वेळा सोडली, दोन्ही वेळा पुन्हा धरली. तिसऱ्या वेळी तिने रात्रीचे फोनच सहकाऱ्यांत वाटून घेतले. संप्रेरकांविषयीचे संशोधन मी तिला समजावून सांगितले होते. तिने ते पूर्ण ऐकून घेतले, चार प्रश्न विचारले आणि "मला नको" म्हणाली. मी ते तसेच कागदावर लिहिले.

माझ्या आईला मात्र मी हे विचारले नाही. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून घरी गेले तेव्हा मी तिला तंबाखूच्या दुष्परिणामांवर अर्धा तास ऐकवले होते. ती सूप बाजूला न ठेवता ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बाई, तू सांगितलंस सगळं. मला कधी सुरू झालं, कशानं झालं, ते विचारलंच नाहीस." पुढच्या वेळी विचारीन असे मनाशी म्हणत मी या देशात आले. त्या पुढच्या वेळेआधीच ती गेली.

जय भीम.